अज्ञातच्या ओळी

पोरीनं गाडीचं दार आदळलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. आदळलेल्या दाराला उत्तर देता येतं. काच खाली करून ओरडता येतं, नाहीतर संध्याकाळी घरी गेल्यावर 'दार असं आपटतात का' म्हणून नव्यानं तोंड सोडता येतं. पण तिनं ते हळूच लावलं, नीट बसलं की नाही ते बघितलं, आणि पाठीवरची बॅग सावरत फुटपाथवर चढून चालू लागली. मागं गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे जीव खाऊन हॉर्न वाजवत होते, कारण एका वेळी एकच गाडी जाईल अशा रस्त्यावर त्यानं गाडी मधोमध उभी केली होती. "सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही," असं तो म्हणाला होता. म्हणाला होता म्हणजे काय, शब्द तोंडातून सुटले आणि पाय ब्रेकवर गेला, दोन्ही एकदमच. प्रश्न तसा साधा होता. पोहणं का सोडलंस? दुसरीत असल्यापासून पहाटे उठून तलावावर जाणारी मुलगी, सुट्टीच्या दिवशीही जिच्या केसांना क्लोरीनचा वास यायचा ती मुलगी, एके दिवशी पोहण्याची बॅग माळ्यावर फेकते आणि 'आता मी जाणार नाही' म्हणते, तर बापानं का म्हणून विचारू नये? "माहीत नाही," ती म्हणाली. गेला महिनाभर तेच म्हणत होती, जेवताना, टीव्हीसमोर, दाराआडून. "माहीत नाही हे काय उत्तर झालं?" तो म्हणाला. "बाप आहे मी तुझा. मला विचारायचा अधिकार आहे की नाही?" तिनं समोरच्या काचेतून बाहेर बघत "आहे ना" असं म्हटलं, अगदी प्रामाणिकपणे म्हटलं, आणि सीटबेल्ट काढला.

ऑफिसात पोचेपर्यंत त्यानं तिला इतक्या वेळा फोन लावला की शेवटी शेवटी रिंगसुद्धा वैतागल्यासारखी वाटायला लागली. तिनं उचलला नाही. लिफ्टमध्ये आरसा होता, त्यात त्याला आपला चेहरा दिसला आणि हा माणूस सकाळी सकाळी भांडून आलाय हे लिफ्टमनला विचारलं तरी सांगता येईल असं त्याला वाटलं. लिफ्टमन अर्थात नव्हता, नुसती बटणं होती. खुर्चीवर बॅग टाकतो न टाकतो तोच मागून आवाज आला, "झालं का?" त्याच्या वरिष्ठाचं खरं नाव पगाराच्या कागदावर सोडून कुठंच उरलं नव्हतं. सगळे त्याला झालं-का म्हणत, आणि त्यालाही ते ठाऊक असावं. हा गृहस्थ दर थोड्या वेळानं फेरी मारी, प्रत्येकाच्या मागं उभा राही आणि तेच दोन शब्द टाकी. बिचारा वाईट नव्हता. वाढदिवस लक्षात ठेवायचा, आजारपणात घरी यायचा. पण दोन झालं-कांच्या मधे जे काय डोक्यात जमा झालेलं असे ते तिसऱ्या झालं-कानं सांडून जाई, आणि मग खरोखरच काही झालेलं नसे. "संमती द्यायची राहिलीय फक्त तुझी," झालं-का म्हणाला. "दाढीवाल्यानं कोडमध्ये बदल करून टाकलाय. संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे जायला हवा. वाचलास ना?" "वाचला," तो म्हणाला. "मग?" "मग काही नाही. चुकीचा आहे." झालं-काचा चेहरा दुखऱ्या दाढेवर जीभ गेल्यासारखा झाला.

संगणक हळू का चालतोय हे शोधून काढणारं हत्यार ते बनवत होते. प्रोफायलर म्हणतात त्याला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, कर्नेलमध्ये दबा धरून बसायचं, ठरावीक अंतरानं टोला पडला की जो प्रोग्राम चालू असेल त्याच्यावर एक नजर टाकायची: आत्ता कुठं आहेस, कुणी बोलावलं म्हणून इथं आलास, आणि त्याला कुणी बोलावलं होतं, एवढं टिपायचं आणि निघायचं. हे सगळं त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत असतं, आणि ग्यानबाची मेख तिथंच. एक तर प्रोग्रामनं दिलेला पत्ता खरा असेल याची खात्री नाही, म्हणून तो आधी तपासायचा. पत्ता खरा निघाला तरी तिथलं पान, म्हणजे मेमरीचा तेवढा तुकडा, त्या क्षणी जागेवर असेलच असं नाही. जागेची टंचाई झाली की कर्नेल काही पानं उचलून डिस्कवर नेऊन ठेवतं. एरवी कुणी असं पान मागितलं तर त्याला थांबवतात आणि पान आणून देतात. पण टोला पडतो त्या क्षणी थांबणं हा प्रकारच नाही. हातातलं सगळं अर्धवट टाकून तुम्ही आलेले असता, पान आणून देणाराही तुमच्याच मागं अडकलेला असतो. तुम्ही त्याची वाट बघणार, तो तुमची, आणि मशीन उभ्या उभ्या गोठणार. म्हणून वाचायची एक वेगळी, जपून वाचायची पद्धत आहे. हात घालायचा, मिळालं तर घ्यायचं, नाही मिळालं तर निमूट परत यायचं आणि त्या ओळीवर 'अज्ञात' लिहायचं. पुढच्या टोल्याला परत बघता येतं. त्यानं हा भाग लिहिला तेव्हा त्याला आई आठवली होती. लहानपणी दुपारी झोपवलं की ती थोड्या वेळानं यायची, अंगावर वाकायची आणि चांगलं खांदा हलवून विचारायची, "झोपलास का रे?" दोघं भावंडं खडबडून उठायची. मग ती म्हणायची, "बघा, कार्टी झोपलेलीच नाहीत," आणि स्वतःवरच चिडत स्वैपाकघरात जायची.

भानगड अशी झाली होती की त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाला अहवालात 'अज्ञात' दिसत होतं. बरंच दिसत होतं, कारण त्यांची मशीनं गच्च भरलेली होती आणि तिथं पानं सारखी आत-बाहेर करत. पैसे मोजले ते अज्ञात वाचायला का, असं त्यांनी झालं-काला विचारलं, आणि झालं-कानं दाढीवाल्याला. दाढीवाला हुशार होता, वयानं बरोबरीचा, गोड बोलणारा, कुठल्याही कामाला नाही न म्हणणारा. त्यानं एका दुपारीत जपून वाचण्याची पद्धत काढली आणि तिथं साधी पद्धत घातली, म्हणजे पान नसेल तर थांबून आणवणारी. असं करू नका म्हणून कर्नेल स्वतःच एक इशारा देतं, तो इशारा त्यानं बंद करून ठेवला, कारण तो फार कटकट करत होता. "आपल्या सगळ्या मशीनवर चालवलं," दाढीवाला त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकत म्हणाला. "एकदाही अडकलं नाही. आणि अज्ञात बघ, पार गायब." "आपल्या मशीनवर मेमरी रिकामी लोळत असते," तो म्हणाला. "पान कधी बाहेर जातच नाही, तर अडकणार कशाला? तू रिकाम्या घरात दार न वाजवता शिरून दाखवतोयस." "अरे, आपण कर्नेलमध्ये आहोत," दाढीवाला हसून म्हणाला. "आपल्याला कोण अडवणार? सगळ्यांची मेमरी वाचायचा आपल्याला अधिकार आहे." अधिकार हा शब्द ऐकून त्याला सकाळची गाडी आठवली. त्यानं पुन्हा फोन काढला, पुन्हा लावला, आणि रिंग संपेपर्यंत दाढीवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

तलावावर तो पायऱ्यांवर बसायचा. खाली ओलं असायचं म्हणून जुनं वर्तमानपत्र आणायचा, आणि मांडीवर लॅपटॉप. ती सात-आठ वर्षांची असेल तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली, दातावर दात वाजवत शेजारी येऊन बसली होती आणि 'बाबा, तू काय करतोस' म्हणून विचारलं होतं. इतरांना तो 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगे, कारण पुढं सांगायला लागलं की समोरच्याचे डोळे विझत जात. पण त्या दिवशी त्यानं सांगितलं. तुमच्या सरांसारखं, असं सांगितलं. सर कसे काठावर उभे राहून मधून मधून बघतात, कोण कुठं पोचलंय, हात कसा पडतोय. "पण थांबवत नाहीत," ती म्हणाली. "थांबवलं तर मग पोहणं कसं बघणार?" त्याला इतका आनंद झाला की त्यानं लॅपटॉप मिटला. मग तिनं विचारलं, "आणि पाण्याखाली असलं कुणी, तर?" "तर दिसत नाही. वर आलं की बघायचं." "आणि वर आलंच नाही तर?" "येतंच," तो म्हणाला होता. तिचे ओठ थंडीनं निळसर झाले होते आणि ती मान डोलवत होती, जणू हे काम तिनंच त्याला लावून दिलं होतं. हे आठवलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. महिनाभर आपण काय करत होतो? येता-जाता तिच्या दाराशी उभं राहून 'काय ठरलं, का सोडलंस, कुणी काही बोललं का, सरांचं काही का' हेच ना? आपल्यात आणि झालं-कात फरक एवढाच की झालं-काला वाढदिवस लक्षात राहतात. पण राग जसा आला तसा आतल्या आत उलटा फिरला. नाही कसं विचारायचं? मुलगी गप्प बसली म्हणून बापानंही गप्प बसायचं? तिला कुणी त्रास दिला असेल तर? अज्ञात म्हणे. पोरीच्या बाबतीत अज्ञात लिहून मोकळं व्हायचं, हे कुठल्या बापाला जमतं?

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा तो कोपऱ्यातल्या जुन्या मशीनपाशी बसला. त्यावर त्यानं एकामागून एक मोठाले प्रोग्राम चढवले, मेमरी तट्ट फुगू दिली, पानं बाहेर जायला लागली याची खात्री केली आणि मग दाढीवाल्याचा बदल चालू केला. काही क्षण सगळं सुरळीत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद पुढं सरकत होते. मग ते थांबले. माउस हलेना, कीबोर्डवरचा दिवा दाबून लागेना की विझेना. पंखा तेवढा घोंघावत होता. ही शांतता त्याला चांगली ओळखीची होती, सकाळच्या गाडीत हीच होती. बाहेर हॉर्नचा गोंगाट आणि आत दोन माणसं, एक वाट बघणारं आणि एक देण्यासारखं काहीच हाताशी नसलेलं. त्यानं मशीनला हात लावला नाही. सगळे जेवून आल्यावर झालं-काला आणि दाढीवाल्याला तिथं आणून उभं केलं. "हे बघा." झालं-कानं वाकून स्क्रीन बघितला, चष्मा वर केला, परत बघितला. "पण एवढं कोण भरतं मशीन?" तो म्हणाला. "तुमचं गिऱ्हाईक भरतं! म्हणूनच तर त्यांना अज्ञात दिसतंय!" "हळू बोल," झालं-का म्हणाला. तेवढ्यात दाढीवाल्यानं सहज, पंख्याचं बटण बंद करावं तसं, मशीनचं बटण दाबून धरलं. स्क्रीन काळा झाला, पुन्हा उजळला, आणि झालेल्या प्रकाराची खूणही कुठं राहिली नाही. "बघ, चालू झालं की," दाढीवाला म्हणाला. त्याला अक्षरशः भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, आणि भिंतही काचेची होती.

मग बायकोचा फोन आला. ती कधी कामाच्या वेळात फोन करत नसे. "काय बोललास तिला?" तिनं विचारलं. "काही नाही. प्रश्न विचारला." "रस्त्यात गाडी उभी करून?" "तिनं सांगितलं तुला?" "ती काही सांगत नाहीये. मागच्या दुकानातल्या बाई तुझ्याच मागं स्कूटरवर अडकल्या होत्या, त्यांनी सांगितलं. कॉलेजला गेली नाही ती, मैत्रिणीकडे आहे. आणि हे बघ, आता फोन करू नकोस तिला. तुझा इतक्यांदा आला की तिनं फोनच बंद करून ठेवला. मलासुद्धा मैत्रिणीच्या फोनवर करावा लागला." "मला काळजी वाटते म्हणून करतोय ना!" "वाटू दे की. मला काय वाटत नाही? मी दार लोटून बघते, आहे ना, श्वास घेतेय ना, आणि परत फिरते. संध्याकाळी तिला तिथून घेऊन ये. आणि तोंड जरा..." पुढचं ती बोलली नाही, कुणीतरी तिला हाक मारली. तो जिन्यात उभा होता. जिन्यात कुणाच्या तरी डब्याचा आणि फिनेलचा मिळून वास येत होता. दार लोटून बघते आणि परत फिरते. आपल्या घरात हे चालू आहे आणि आपल्याला पत्ताही नाही, हे त्याला लागलं. बायको हे कुठंही न शिकता करते आणि आपण त्याचेच पैसे घेतो, हे त्याहून लागलं.

चारच्या सुमाराला सगळे काचेच्या खोलीत बसले. झालं-कानं वरच्या साहेबांनाही बोलावलं होतं. हे साहेब फार कमी बोलत आणि पेनाचं टोपण काढत-घालत बसत. झालं-कानं परिस्थिती सांगितली, चांगली सांगितली, त्याची बाजूसुद्धा सांगितली. दाढीवाल्यानं तक्ता दाखवला, त्यात आधीच्या अहवालात करड्या रंगाच्या ओळी होत्या आणि नंतरच्यात एकही नव्हती. "हेच हवंय त्यांना," साहेब म्हणाले. मग त्याच्याकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमची अडचण काय आहे? हत्यार कशासाठी विकतो आपण? उत्तरं देण्यासाठी. माहीत नाही हे काय उत्तर झालं?"

तो बोलायला लागला तेव्हा आवाज चढलेलाच होता. "झालं! ते उत्तरच आहे, साहेब! माहीत नाही हे उत्तर आहे, आणि कधी कधी तेवढं एकच खरं असतं. त्या क्षणी ते तिथं नाहीये. लपवलेलं नाही, तुमच्यावर डूख धरून ठेवलेलं नाही, नुसतं तिथं नाही. असेल कुठंतरी आत, येईल पण. आणि तुम्ही काय करताय, तर जोपर्यंत देत नाही तोपर्यंत हलणार नाही म्हणून बसताय, सगळ्यांना मागं खोळंबून ठेवून. त्यानं काय होतं? ते मिळत नाहीच. जे चालू होतं तेही..." इथं त्याचा आवाज अचानक गेला. खोलीतले तिघंही त्याच्याकडे बघत होते आणि त्याला ऐकू येत होते सकाळचे हॉर्न, आणि त्यांच्या आत, अगदी स्वच्छ, आपलाच आवाज. साहेबांनी शब्दही तेच वापरले होते. झालं-कानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. त्यानं तो घेतला, घोटभर पाणी प्यायला, आणि ग्लास खाली ठेवला. "जे चालू होतं तेही थांबतं," तो म्हणाला. "मी संमती देणार नाही. माझं नाव काढून टाका आणि पाठवा."

साहेबांनी टोपण घातलं. "आज नको पाठवायला," ते म्हणाले, पण 'का' ते काही म्हणाले नाहीत; "हे काम कुणी बघायचं ते सोमवारी ठरवू." बाहेर आल्यावर झालं-का त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत चालत आला. तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारायला काही सापडत नव्हतं. "घरी जा जरा," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर ओझरता हात ठेवून परत गेला. आता नोकरी राहिली की गेली, राहिली तर आपण इतकी वर्षं घासून घासून उभा केलेला हा तुकडा आपल्याकडे राहील की दाढीवाल्याच्या हवाली होईल, बदल सोमवारी जाईल की कधीच जाणार नाही, यातलं काही म्हणता काही त्याला समजलं नव्हतं. लिफ्टमध्ये खाली जाताना त्यानं स्वतःलाच दोन-तीनदा विचारून पाहिलं, चांगलं खोदून, आणि प्रत्येक वेळी हात रिकामा वर आला.

मैत्रिणीच्या इमारतीखाली त्यानं गाडी बाजूला, नीट, पांढऱ्या पट्ट्याच्या आत लावली. हॉर्न वाजवला नाही. वर निरोप गेला असावा, कारण थोड्या वेळानं ती खाली आली. बॅग छातीशी धरलेली, केस कसेतरी बांधलेले. गाडीजवळ येऊन ती थांबली आणि काचेतून आधी त्याचा चेहरा बघितला, पाण्यात उतरण्याआधी पायाच्या बोटानं थंडी बघतात तसा. मग बसली. दार हळूच लावलं. त्याच्या जिभेवर प्रश्न तयारच होता, दिवसभर एवढं सगळं होऊनही तो जागचा हलला नव्हता, ढीम्म. का सोडलंस गं? त्यानं तो गिळला, आणि पुन्हा चिडला, या वेळी कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिनं सीटबेल्ट लावला. तो किल्ली फिरवत नाही असं बघून ती वाट बघत राहिली. तिला वाटलं असणार, आता सुरू होणार.

"सकाळी चुकलं माझं," तो म्हणाला.

मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. हातांकडे बघितलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, किल्ली फिरवायची तशीच राहिली होती. "बाबा," ती म्हणाली, "तुझं काय झालंय? ऑफिसात काही झालं का?"

तो सांगायला गेला. सुरुवात कुठून करायची ते बघितलं, साहेबांपासून की दाढीवाल्यापासून, की तलावाच्या पायऱ्यांपासून, आणि कुठूनच काही हाताला लागेना. नव्हतंच तिथं. सगळं कुठंतरी आत, खाली जाऊन बसलं होतं, आणि समोर तिचा चेहरा होता, उत्तराची वाट बघणारा. त्याला एकदम भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी, की ही आता परत विचारेल.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि बॅग पायाशी ठेवून त्याच्या बाजूची काच थोडी खाली घ्यायला सांगितली, कारण आत फार कोंदटलं होतं.